आठ आण्यांची विकेट

परवा रत्नागिरीत रिक्षावाल्या काकांशी क्रिकेटवरून गप्पा रंगल्या. मध्येच विचारलं, ‘‘बाळू पालवणकर माहितीये?’’

‘‘कोण? लोकल प्लेयर काय?’’

म्हटलं तर लोकलच! आडनावातलं पालवण कोकणातलं. बाळूचा जन्म मात्र १८७६ मध्ये धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला, घर चर्मकार समाजातलं. पहिला जॉब पुण्यात, पारशांच्या क्रिकेट क्लबात. पिच झाडायचं, रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. (आपलं इन्क्रिमेंट आठवून रडू नका!) तिथे नेट्समध्ये साहेबांना बोलिंग टाकायची, बॅट मात्र हातात मिळायची नाही. कॅप्टन ग्रेग हा तिथला स्टार. आपल्याला आउट केलं की तो बाळूला आठ आणे द्यायचा, असं सांगतात.

या डावखुऱ्या स्पिनरला पुण्याच्या हिंदू क्लबाने टीममध्ये घेतलं, कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. मैदानात बॉल सगळे एकच हाताळायचे. टी-टाइम झाला की बाळूचा चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या कुल्हडात. जेवणाचं पानही वेगळं.

मुंबईत हिंदू जिमखान्याकडून खेळताना १९०६ आणि १९०७ मध्ये त्याच्या टीमने युरोपियनांना हरवलं. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात टीम सपाटून हरत होती, पण बाळूने त्या दौऱ्यात शंभरावर विकेट्स काढल्या.

एवढा परफॉर्मन्स असल्यावर प्रमोशन नक्की, नाही? नाही. हिंदू टीमची कॅप्टनशिप बाळूला कधीच मिळाली नाही. ती मिळाली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला, १९२३ मध्ये. तोवर बाळूचे बेस्ट डेज संपलेले. १९३७ च्या निवडणुकीत तो थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभा राहिला, आणि हरला. १९५५ मध्ये गेला.

बोलता बोलता पतितपावन मंदिर आलं. १९३१ मध्ये सगळ्या जातींसाठी उघडलेलं. मी उतरले, पैसे दिले. काका म्हणाले, ‘‘विकेटा चालल्या, पण कप नाही चालला. कमाल आहे!’’

सोमवारी ऑफिसात चहा घेताना एक करा. आपल्या कपाची काळजी सोडा. रोज आपली कामं करून देणारा ऑफिसबॉय कुठे बसून, कुठल्या कपातून चहा पितो, तेवढं बघा.