वसंताची चाहूल : फुललेली काटेसावर आणि तिचे पाहुणे

शिशिर सरत असताना, फेब्रुवारीच्या मध्यापासून देशाच्या बहुतेक भागांत वसंताची चाहूल लागते. निसर्गभ्रमंतीसाठी हा काळ विशेष अनुकूल असतो. पानगळीमुळे अनेक झाडांच्या फांद्या मोकळ्या झालेल्या असतात आणि पक्षी सहज दृष्टीस पडतात. हिवाळी पाहुणे अद्याप परतलेले नसतात, तर अनेक स्थानिक पक्ष्यांचा विणीचा हंगाम सुरू होत असतो.

या दिवसांत लाल-केशरी फुलांचे तीन वृक्ष लक्ष वेधून घेतात. काटेसावरीचे फूल मोठे, पेल्यासारखे आणि पाच जाड पाकळ्यांचे असते. कोवळ्या झाडाच्या खोडावर शंकूसारखे काटे असतात. पळसाची केशरी फुले पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असतात. पांगाऱ्याची लालभडक फुले फांद्यांच्या टोकांना घोसाने येतात. ‘पळसाला पाने तीन’ ही म्हण सर्वपरिचित असली, तरी पांगाऱ्याचे पानही तीन पर्णिकांचेच असते. त्यामुळे केवळ पानांवरून ओळख पटवू नये.

सकाळी फुललेल्या एकाच काटेसावरीखाली अर्धा तास थांबले, तरी बरेच काही पाहता येते. मकरंदासाठी मैना, बुलबुल, कावळे, शिंजीर आणि खारीही तेथे येतात. फुलात डोके घालणाऱ्या पक्ष्याला परागकण चिकटतात व पुढील फुलापर्यंत पोहोचतात. गुलाबी-काळ्या भोरड्यांचे थवे याच झाडांवर उतरतात. पळसमैना या नावानेही ओळखले जाणारे हे पक्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मध्य आशियाकडे विणीसाठी परततात. प्रवासापूर्वी त्यांना हा मकरंद उपयोगी पडतो.

मात्र बहराच्या याच दिवसांत होळी येते. दक्षिण राजस्थानात, विशेषतः उदयपूर परिसरात, होळीसाठी काटेसावरीची झाडे तोडण्याची प्रथा असून त्यामुळे तेथे या वृक्षांची संख्या घटल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. झाड गेले की मकरंदासोबत घरट्यांच्या जागा आणि पुढे बोंडांतून मिळणारा कापूसही जातो.

म्हणूनच सामान्य निरीक्षकांच्या नोंदींना महत्त्व आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा घेण्यात आला आणि १७८ प्रजातींना संवर्धनासाठी उच्च प्राधान्य देण्यात आले. हा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’वर केलेल्या नोंदींवर आधारित आहे. झाडांची पालवी, फुले व फळे यांच्या नोंदी ‘सीझनवॉच’ या उपक्रमात करता येतात.

भ्रमंतीला सूर्योदयाच्या सुमारास निघावे. दुर्बीण, वही आणि पाणी सोबत ठेवावे, फिकट रंगाचे कपडे घालावेत. फुले तोडू नयेत, घरट्याजवळ जाऊ नये आणि पक्ष्यांना बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नयेत. शक्यतो घराजवळचे एक झाड निवडून दर आठवड्याला त्याला भेट द्यावी. पहिली कळी, पहिले फूल आणि शेवटची भोरडी यांच्या तारखा सलग काही वर्षे लिहून ठेवल्यास, त्या परिसरात होणारा बदल त्या वहीतून कळू शकेल.