स्विमिंग पूल गढूळ झालाय? पाणी सोडू नका, बॉस!

मराठवाड्यातला मे महिना म्हणजे काय चीज आहे, हे नांदेडमध्ये दुपारी दोन वाजता बाइकच्या सीटवर हात ठेवलेल्यालाच ठाऊक! पारा 43च्या आसपास, एसी ऑफिसातून बाहेर पडलं की भट्टीत शिरल्यासारखं वाटतं. अशा वेळी संध्याकाळी जिमपेक्षा टँकच बरा. माझं घर नांदेडला, नोकरी लातूरला. त्यामुळे पोहणं दोन्हीकडे चालू असतं, आणि दोन्हीकडे एक सीन मी हमखास पाहतो. शनिवार-रविवारी तोबा गर्दी, सोमवारी पाणी ताकासारखं पांढरट आणि मंगळवारी गेटवर पाटी : 'पाणी बदलण्यासाठी तीन दिवस बंद'.

पाटी वाचून लोक खूश होतात. चला, नवं कोरं पाणी! मला मात्र ती पाटी खटकते. का, ते एका साध्या हिशेबात सांगतो.

25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल टँक घ्या. त्यात साधारण 4 लाख 70 हजार लिटर पाणी मावतं. आता 2016चा उन्हाळा आठवा. लातूरची तहान भागवणारं मांजरा धरण आटलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लावून जमावबंदी करावी लागली. मग 12 एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. 10 वॅगन, 5 लाख लिटर! म्हणजे एक टँक गटारात सोडला, की ती अख्खी गाडी जवळजवळ वाहून गेली समजा. नांदेडकरांनाही हसायचं कारण नाही. गोदावरीवरचा विष्णुपुरी प्रकल्प उशाला असला तरी उन्हाळ्यातली टंचाई त्यांना नवी नाही.

गंमत म्हणजे बहुतेक वेळा पाणी बदलायची गरजच नसते. पाणी आजारी असतं, मेलेलं नसतं. त्याला औषध हवं, अंत्यसंस्कार नकोत!

आधी रोग ओळखा

गढूळपणा मुख्यत: तीन तऱ्हांचा. त्यासाठी लॅब नको, काचेचा ग्लास पुरे. टँकमधलं पाणी ग्लासात घ्या आणि त्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर टाका. पाणी निवळलं तर दोषी आहे चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आपल्याकडे हा प्रकार फार. टँक भरायला बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी, वरून कडक ऊन. पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. पीएच वर गेला की विरघळलेला चुना बाहेर पडतो आणि पाणी दुधाळ होतं.

व्हिनेगरने फरक पडला नाही आणि पाण्याला हिरवी झाक असेल, तर ते शेवाळ. क्लोरीन कमी पडल्याची ती पावती. आणि ग्लास रात्रभर ठेवल्यावर तळाशी मातकट थर बसला, तर ती आपली काळी माती. वादळवाऱ्यात उडून आलेली, नाहीतर नदीच्या पाण्याबरोबर आलेली.

पीएचचा फंडा

चुन्यावर इलाज म्हणजे पीएच खाली आणणं. तो 7.2 ते 7.6 असावा. त्यासाठी पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड थोडं थोडं, पंप चालू ठेवून घालतात. सोबत पाण्याची अल्कलिनिटी 80 ते 120 पीपीएममध्ये असावी, म्हणजे पीएच माकडासारखा उड्या मारत नाही. ती कमी असेल तर वाढवायला चक्क खाण्याचा सोडा चालतो.

पीएचचं एवढं कौतुक का? कारण क्लोरीनची सगळी ताकद त्याच्या हातात आहे. पीएच 7.5 असताना क्लोरीनचा जवळपास निम्मा भाग जंतू मारायच्या कामाचा असतो. पीएच 8 झाला की जेमतेम पाव. म्हणजे ब्लीचिंग पावडरची पोती रिकामी करा, पाणी ढिम्म! उलट ब्लीचिंग पावडरमध्ये स्वत:चाच चुना असतो. जड पाण्यात ती ओतली की दुधात आणखी दूध. अशा ठिकाणी पातळ सोडियम हायपोक्लोराइट बरं.

आता एक गैरसमज. टँकवर भप्पकन वास आला, डोळे लाल झाले, की आपण म्हणतो, 'आज क्लोरीन जास्त झालाय.' खरं बऱ्याचदा उलटं असतं. घाम, सनस्क्रीन आणि (हो, बोलायलाच हवं!) लघवी यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतात. तो वास त्यांचा. म्हणजे मोकळा क्लोरीन खर्ची पडलाय, तो वाढवायला हवा. मोकळा क्लोरीन 1 ते 3 पीपीएम हवा. जादा डोस द्यायचा तर सूर्यास्तानंतर द्यावा, कारण आपलं ऊन क्लोरीन बघता बघता खाऊन टाकतं.

आजीची तुरटी

मातीच्या गढूळपणावर उपाय आपल्या आज्यांना पाठ होता. हंड्यात तुरटी फिरवायची, नाहीतर माठाच्या आतून निवळीचं बी घासायचं. 'निवळणं' हा शब्द आपण उगाच वापरत नाही! मातीचे बारीक कण एकमेकांना ढकलत पाण्यात तरंगत राहतात. तुरटी त्यांची भांडणं मिटवते, कणांचे पुंजके होतात आणि जड होऊन खाली बसतात.

टँकमध्येही तेच. आधी पीएच जागेवर आणायचा, कारण तुरटी त्याच पट्ट्यात नीट काम करते. एका बादलीत प्रयोग करून प्रमाण ठरवायचं. संध्याकाळी तुरटीचं पाणी टँकभर पसरायचं, तासभर पंप चालवून बंद करायचा. रात्रभर कुणी पाणी हलवायचं नाही. सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने हळूहळू ओढून थेट बाहेर काढायचा. लाखो लिटर नाही, गाळाबरोबर जाईल तेवढंच पाणी जातं.

बाकी काम फिल्टरचं. सगळं पाणी साधारण सहा तासांत एकदा त्यातून फिरलं पाहिजे. बॅकवॉश रोज नको. गेजवरचा दाब स्वच्छ फिल्टरपेक्षा अर्धा बार वाढला, तेव्हाच करावा.

पाणी कधीच बदलायचं नाही का? तसं नाही. वर्षानुवर्षं क्षार साठले, किंवा क्लोरीनच्या गोळ्यांतलं सायन्युरिक ॲसिड फार वाढलं, तर काही भाग बदलावाच लागतो. पण काही भाग, अख्खा टँक नव्हे.

इथे मात्र मस्करी नाही

गढूळ पाण्याचा खरा धोका डोळे चुरचुरण्याचा नाही. तळाशी गेलेला माणूस काठावरच्या जीवरक्षकाला दिसत नाही, हा आहे. म्हणून नियम सोपा : खोल बाजूची तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर पाण्यात उतरायचं नाही. फी भरली असली तरी नाही, मित्रांनी चिडवलं तरी नाही.

आणि केमिकल हाताळणाऱ्यांसाठी : ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र येऊ द्यायचे नाहीत, त्यातून विषारी वायू निघतो. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

मेंबरशिप घेण्याआधी

* काउंटरवर विचारा, 'आजचा पीएच आणि क्लोरीन किती?' रोजची नोंदवही असेल तर टँक चांगल्या हातात आहे.
* तळाची जाळी स्वत: बघा.
* उतरण्याआधी साधी अंघोळ करा. केमिकल वाचवायचा हा फुकटचा उपाय.
* 'आम्ही दर महिन्याला पाणी बदलतो' असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर त्यांना 2016ची रेल्वे आठवून द्या!