यजमान सर्व्हरच्या मांडणीचीही प्रत हवी

बँकेत बॅकअप म्हटले की खातेदारांच्या नोंदींची प्रत डोळ्यांसमोर येते. दिवसअखेरीस ही प्रत निघून दूरच्या केंद्रात सुखरूप पोहोचली की संगणक विभागाचा जीव भांड्यात पडतो. परंतु ज्या यंत्रावर हा कारभार चालतो, त्याची स्वतःची मांडणीही जपावी लागते, याचा सहज विसर पडतो.

पूर्वी एका कामास एक सर्व्हर असे. व्हर्च्युअलायझेशन, अर्थात आभासीकरणाच्या तंत्रामुळे आता एकाच भक्कम यंत्रात अनेक आभासी सर्व्हर नांदतात. त्यांना आश्रय देणारा तो यजमान सर्व्हर. यासाठी वापरात असलेली एक सुपरिचित प्रणाली म्हणजे व्हीएमवेअरची ईएसएक्सआय. (ही कंपनी २०२३ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेली.)

आभासी सर्व्हर व त्यांतील माहिती बहुधा सामायिक साठवण यंत्रणेवर असते. यजमानाच्या पदरी स्वतःचे असे थोडेच, पण मोलाचे असते : कोणते नेटवर्क कार्ड कोणत्या आभासी स्विचला जोडले आहे, कोणत्या गटाचा व्हीलॅन क्रमांक काय, आयपी पत्ते, साठवणीकडे जाणारे मार्ग, फायरवॉलचे नियम, स्थानिक वापरकर्ते. बूट डिस्क निकामी झाल्यास प्रणाली नव्याने बसविणे अवघड नाही; अवघड आहे ते हे सारे जसेच्या तसे पुन्हा भरणे. व्हीलॅन क्रमांकातील एक अंक चुकला, तरी आभासी सर्व्हर पडद्यावर सुरू दिसतो आणि शाखेच्या काउंटरवर मात्र संपर्क तुटलेला असतो. रांगेतील खातेदाराचे पैसे सुरक्षित असतात, पण त्याच्या लेखी बँक बंदच!

ईएसएक्सआय आपल्या मांडणीची नोंद बूट डिस्कवरील एका लहान फाइलीत तासातून एकदा आपोआप करते. दरम्यान केलेला बदल अचानक वीज गेल्यास हरवू शकतो. म्हणून प्रत काढताना प्रथम चालू मांडणी डिस्कवर उतरविण्याची आज्ञा द्यावी व मगच प्रतीची. दुसरी आज्ञा दिल्यावर फाइल उतरवून घेण्याचा पत्ता मिळतो. ही फाइल तात्पुरती असल्याने लगेच दुसऱ्या यंत्रावर न्यावी. ती त्याच यजमानावर ठेवणे म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवण्यासारखे आहे. शिवाय तीत पासवर्ड सांकेतिक रूपात असतात. ती ई-मेलने इकडून तिकडे पाठवू नये.

प्रत परत बसविण्याच्या अटी मात्र कडक आहेत. यजमान देखभाल स्थितीत हवा, आणि प्रणालीची आवृत्ती व बिल्ड क्रमांक प्रत काढतेवेळी होते तेच हवेत. त्यामुळे प्रत्येक पॅचनंतर नवी प्रत काढून तिच्या नावात दिनांक व बिल्ड क्रमांक लिहावा. यंत्राची ओळखही तपासली जाते. एका यजमानाची प्रत दुसऱ्यावर सहजासहजी चढत नाही. प्रत बसताच यजमान स्वतःहून पुन्हा सुरू होतो.

२०२१ मधील ७.० अपडेट २ पासून ही मांडणी कूटबद्ध केली जाते. यंत्रात टीपीएम ही सुरक्षा चिप वापरात असेल, तर कूटबद्धतेची किल्ली तिच्याशी बांधलेली असते. मदरबोर्ड बदलला की चिप बदलते, आणि पुनर्प्राप्ती किल्ली हाताशी नसल्यास यजमान सुरू होत नाही. ही किल्ली यंत्र धडधाकट असतानाच एका आज्ञेने पाहून उतरवून ठेवता येते. स्ट्राँगरूमच्या किल्ल्यांचा दुहेरी ताबा ठेवणाऱ्या बँकेस ती मोहोरबंद पाकिटात ठेवणे जड जाऊ नये.

जुने काही यजमान एसडी कार्ड वा यूएसबी पेनवरून सुरू होतात. ही साधने वारंवारच्या लेखनाने झिजतात, आणि केवळ त्यांवर विसंबू नये असे व्हीएमवेअरनेच २०२१ मध्ये सुचविले. अशा यजमानांची प्रत सर्वांआधी काढावी.

अनेक यजमानांवर पसरलेल्या वितरित स्विचची मूळ मांडणी व्हीसेंटर या व्यवस्थापन सर्व्हरमध्ये असते. त्याची प्रत निराळी काढावी लागते. यजमानाची फाइल तिची जागा घेत नाही.