थंडीत घोड्याला झुलीपेक्षा पाण्याची काळजी जास्त का लागते?

मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यात तापीच्या काठावर यात्रा सुरू होते. एकमुखी दत्ताची ही यात्रा घोडेबाजारासाठी देशभर ओळखली जाते. मारवाडी, काठियावाडी, पंजाबी असे नाना जातींचे घोडे इथे विकायला येतात. सौदा ठरतो, घोडा गाडीत चढतो आणि नव्या घरी पोहोचतो, तोही ऐन थंडीत.

याच दिवसांत धुळे, जळगाव, नंदुरबार पट्ट्यात रात्रीचा पारा अनेकदा १० अंशांच्या खाली जातो. साहजिकच नवा मालक आधी झूल शोधतो, गोठ्याला ताडपत्री बांधतो, शेजारी शेकोटी पेटवतो आणि गुळाचे खडे भरवतो. हेतू चांगलाच असतो. पण हिवाळ्यात घरचे घोडे आजारी पडतात ते बहुतेकदा वेगळ्याच कारणांनी.

घोड्याला थंडी वाजते का?

वाजते, पण माणसाइतकी लवकर नाही. घोड्याच्या शरीराचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं आणि ते टिकवण्याची चांगली सोय त्याच्याकडे आहे. दिवस लहान होऊ लागले की त्याच्या अंगावर दाट केस यायला लागतात. हा बदल मुख्यतः उजेडाचे तास कमी झाल्यामुळे होतो, म्हणून तो कडाक्याची थंडी पडण्याआधीच सुरू झालेला दिसतो. गारठा वाढला की हे केस उभे राहतात, त्यांच्यात हवा अडकते आणि अंगाची ऊब बाहेर जात नाही.

दुसरी सोय पोटात असते. कडबा, गवत असा चारा घोड्याच्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. तिथले सूक्ष्मजीव तो पचवताना उष्णता तयार होते. म्हणजे वैरण हीच घोड्याची शेकोटी.

त्यामुळे धडधाकट, अंगाने भरलेला आणि कोरडा घोडा ८-१० अंशांची रात्र आरामात काढतो. वारा आणि ओल मात्र त्याला त्रास देतात. अंग भिजलं की केस चिकटतात आणि ऊब धरून ठेवायची त्यांची ताकद जाते. अवकाळी पाऊस आणि गार वारा एकत्र आला, तर आडोसा हवाच.

मग खरा धोका कुठे आहे?

पाण्यात. साधारण ४०० किलोचा घोडा दिवसाला २५ ते ३० लीटर पाणी पितो, उन्हात किंवा कामावर असेल तर त्याहून जास्त. थंडीत तहान कमी लागते, त्यात हौदातलं पाणी गारठलेलं असतं. घोडा दोन घोट घेतो आणि तोंड फिरवतो.

याच काळात चाराही बदलतो. पावसाळ्यातल्या हिरव्या गवतात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. वाळलेल्या चाऱ्यात ते १०-१५ टक्क्यांवर येतं. म्हणजे चाऱ्यातून मिळणारं पाणी घटलं आणि बादलीतलंही कमी झालं. आतड्यातला चारा कोरडा पडतो आणि पुढे सरकत नाही. घोड्याच्या मोठ्या आतड्याला एके ठिकाणी तीव्र वळण आहे, तिथे नळी अरुंद होते. कोरडा गोळा बऱ्याचदा तिथेच अडकतो. याला म्हणतात पोटशूळ.

माणसाला पोटदुखी झाली तर उलटी होऊन मोकळं वाटतं. घोड्याला जवळपास उलटी करताच येत नाही, कारण त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेली झडप फार घट्ट असते. जे आत गेलं ते पुढेच सरकायला हवं. म्हणून साधा वाटणारा पोटशूळ काही तासांत जिवावर बेतू शकतो.

पाणी वाढवायचं कसं?

पहिला उपाय म्हणजे पाणी कोमट करून देणं. गार पाण्यापेक्षा कोमट पाणी घोडे थंडीत जास्त पितात. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याची एक कळशी बादलीत मिसळली तरी फरक पडतो. बोट घातल्यावर चटका बसू नये, इतकंच.

दुसरा उपाय मीठ. रोजच्या चंदीत साधारण २५-३० ग्रॅम मीठ दिलं की तहान वाढते. अर्थात समोर भरपूर पाणी असेल तरच. कोंडा किंवा चंदी कोरडी न देता भिजवून दिली, तर पोटात आपोआप जास्त पाणी जातं.

हौदापेक्षा बादलीत पाणी देण्याचा एक फायदा आहे. घोडा किती प्याला ते मोजता येतं.

थंडी आहे म्हणून चंदी वाढवावी का?

आधी वैरण वाढवावी. घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो. ४०० किलोच्या घोड्याला ६ ते ८ किलो. गारठ्याच्या रात्री त्यात किलोभर भर घातली आणि ती उशिरा टाकली, तर रात्रभर पोटातली भट्टी चालू राहते.

हरभरा, जव, बाजरी यांनी ताकद येते, पण घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असतं. एकदम जास्त दाणा पडला तर तो न पचता मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथला तोल बिघडवतो. त्यातून पोटशूळ होतो, कधी खुरांच्या आतल्या भागाला सूज येऊन घोडा लंगडा होतो. गुळाचंही तसंच. एखादा खडा चालतो, ओंजळभर नको. चाऱ्यातला किंवा दाण्यातला कोणताही बदल आठवडा-दहा दिवसांत हळूहळू करावा.

गुरांचा किंवा कोंबड्यांचा तयार खुराक घोड्याला कधीच देऊ नये. त्यातल्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गुरांना ते चालतं, घोड्याच्या हृदयावर मात्र ते अगदी थोड्या प्रमाणातही घाला घालतं.

झूल कधी घालावी?

शिंगरू, म्हातारा किंवा हाडं दिसणारा घोडा, आजारातून उठलेला, किंवा अंगावरचे केस कापलेला घोडा असेल तर रात्री झूल जरूर घालावी. बाकीच्यांना बहुतेकदा गरज पडत नाही.

आपल्याकडे रात्री ८ अंश आणि दुपारी २८-३० अंश असा खेळ चालतो. सकाळी झूल काढायची राहिली तर घोडा आतल्या आत घामेजतो, आणि संध्याकाळी तेच ओलं अंग गारठतं. ओल्या अंगावर झूल टाकू नये. रोज झूल काढून खरारा करावा. दाट केसांखाली लपलेली बरगडी, जखम किंवा गोचीड हातालाच कळते.

तबेला बंद करून ठेवावा का?

वारा अडवावा, हवा अडवू नये. चारही बाजूंनी ताडपत्री लावली की मुताचा उग्र वास आत कोंडतो. तो अमोनिया फुप्फुसांना झोंबतो. त्यात शेकोटीचा धूर आणि कडब्याची धूळ मिसळली की खोकला सुरू होतो. वाऱ्याच्या बाजूला आडोसा, वरच्या अंगाला मोकळी फट आणि खाली कोरडा भुसा किंवा पेंढा एवढं पुरतं. आत शिरल्यावर माणसाच्या डोळ्यांना झोंबलं, तर घोड्यालाही झोंबतंय असं समजावं.

रपेट करताना काय बदलावं?

थंड स्नायूंना एकदम पळवू नये. सुरुवातीची १०-१५ मिनिटं नुसतं चालवावं, मग दुडकी, मग दौड. परततानाही शेवटची दहा मिनिटं चालवत आणावं. श्वास शांत झाला, छाती आणि खोगिराखालची पाठ कोरडी झाली, की मगच घोडा बांधावा. घाम आला असेल तर पेंढ्याने किंवा जाड फडक्याने पुसून काढावा. संध्याकाळी अंघोळ नको. तापलेल्या घोड्याला पाणी अजिबात द्यायचं नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात चालवता चालवता थोडं थोडं पाणी द्यायला हरकत नाही.

लग्नसराईत हे जास्त महत्त्वाचं ठरतं. वरातीत दोन-तीन तास नाचलेला घोडा घामाने निथळतो आणि मग रात्री मंडपामागे गार वाऱ्यात उभा राहतो. अंग पुसणं आणि कोमट पाणी, ही त्याच्या मेहनतान्यातली पहिली वस्तू असायला हवी.

उलट जो घोडा चार दिवस नुसता उभा आहे, त्याची चंदी त्या दिवसांत कमी करावी. भरपूर दाणा खाऊन आराम केलेल्या घोड्याला अचानक पळवलं तर कंबरेचे आणि मांड्यांचे स्नायू आखडतात, लघवी गडद होते, घोडा जागचा हलत नाही. अशा वेळी त्याला ओढून चालवू नये, डॉक्टर बोलवावा.

नालबंदाची पाळी सहा ते आठ आठवड्यांनी यावी. खूर मात्र रोज साफ करावेत. तळव्यातून घाण वास आला तर जागा ओली राहतेय, असा त्याचा अर्थ.

बाजारातून नवा घोडा आणला असेल तर?

दोन-तीन आठवडे त्याला इतर घोड्यांपासून वेगळं बांधावं आणि त्याची बादली, खराराही वेगळा ठेवावा. नाकातून घट्ट स्राव, ताप, गाठी दिसल्या तर लगेच सरकारी पशुवैद्यकाला कळवावं. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणूजन्य आजार माणसालाही होऊ शकतो. त्याचं निदान रक्ततपासणीने होतं. धनुर्वाताची लसही विचारून घ्यावी, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

पोटशूळ झाला हे कसं ओळखायचं?

घोडा चारा सोडतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, मान वळवून पोटाकडे बघतो, पुन्हा पुन्हा लोळतो, विनाकारण घामेजतो. लीद कमी होते किंवा थांबते. यातलं काहीही दिसलं तर चारा आणि दाणा समोरून काढावा, वेळ नोंदवावी आणि पशुवैद्यकाला फोन करावा. तोवर घोडा शांत उभा असेल तर उभा राहू द्यावा, लोळत असेल तर हळूहळू चालवावं.

नळीने तोंडात तेल ओतणं हा गावाकडचा जुना उपाय. तो करू नये. तेल श्वासनलिकेत गेलं तर पोटशूळ राहतो बाजूला आणि फुप्फुसं निकामी होतात. डॉक्टर तेल देतात ते नाकातून थेट जठरात नळी घालून. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत.

निरोगी घोडा दिवसातून साधारण आठ ते बारा वेळा लीद टाकतो. गोळे ओलसर असतात आणि पडल्यावर फुटतात. ते लहान, कडक आणि कोरडे दिसू लागले, तर घोडा पाणी कमी पितोय हे पोट दुखायच्या आधीच कळतं. रोज सकाळी तबेला झाडताना दोन गोष्टी पाहाव्यात. रात्रीत बादली किती रिकामी झाली आणि लीद किती, कशी पडली. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्याच वेळी बादलीत गरम पाण्याची कळशीही ओतून होते.