शब्दार्थाच्या वहीतला तिसरा रकाना

रोज इंग्रजीतून ईमेल लिहिणारा, इंग्रजीची धास्ती केव्हाच मागे टाकलेला मराठी माणूसही एका जागी हमखास अडखळतो. शब्द आठवतो, काळ बरोबर साधतो, पण क्रियापदापुढे ‘इन’ लावायचे की ‘ॲट’, ‘टू’ की ‘विथ’, की काहीच नाही, हे ठरत नाही. ‘गणितात हुशार’ म्हणून तो ‘गुड इन मॅथ्स’ लिहितो. प्रमाण इंग्रजीत ते ‘गुड ॲट’ आहे. ‘या विषयावर चर्चा करू’ म्हणताना ‘डिस्कस ऑन’ किंवा ‘डिस्कस अबाउट’ येते. खरे तर ‘डिस्कस’पुढे थेट विषयच येतो. ‘डॉक्टरशी लग्न झाले’ याचे ‘मॅरीड विथ’ होते. हवे असते ‘मॅरीड टू’. या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. त्यांच्यामागे तर्क आहे आणि तो मराठीचा आहे: ‘त’ म्हणजे ‘इन’, ‘वर’ म्हणजे ‘ऑन’, ‘शी’ म्हणजे ‘विथ’, ‘ला’ म्हणजे ‘टू’. जागा सांगताना हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. टेबलावरचे पुस्तक इंग्रजीतही ‘ऑन’च असते. मात्र क्रियापदाला किंवा विशेषणाला चिकटून येणारे अव्यय वेगळ्या जातीचे आहे. ते त्या शब्दाच्या मालकीचे असते. मराठी प्रत्ययावरून ते काढता येत नाही, आणि पुष्कळदा इंग्रजी अर्थावरूनही येत नाही.

याचा पुरावा इंग्रजीतच सापडतो. एखाद्यावर दोष ठेवण्यासाठी तीन नेहमीची क्रियापदे आहेत: ‘ॲक्यूज’, ‘चार्ज’ आणि ‘ब्लेम’. चोरीचा आरोप सांगताना पहिले ‘ऑफ’ घेते, दुसरे ‘विथ’, तिसरे ‘फॉर’. अर्थ एकमेकांना इतके लागून असताना अव्यये तीन. दुसरे उदाहरण ‘डिपेंड’चे. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली खाली लोंबण्याची कल्पना आहे, आणि आपल्या ‘अवलंबून’मधल्या ‘लंब्’ धातूतही तीच. चित्र एकच, तरी फ्रेंच आणि जर्मन माणूस त्याच अर्थाच्या क्रियापदाला ‘पासून’ या अर्थाचे अव्यय लावतो, इंग्रज ‘ऑन’ लावतो आणि आपण ‘वर’. इथे योगायोगाने आपले इंग्रजीशी जुळले, म्हणून ‘डिपेंड’ला मराठी माणूस सहसा चुकत नाही. पण याच घरातल्या ‘इंडिपेंडंट’ला इंग्रजी ‘ऑफ’ जोडते. नकार जोडताच अव्यय बदलते, हे कोणत्या तर्काने ओळखायचे?

यामागे इतिहास आहे आणि तो कळला की चीड कमी होते. जुन्या इंग्रजीत संस्कृतसारखे विभक्तिप्रत्यय होते. मध्ययुगात ते झिजत गेले आणि त्यांचे पुष्कळसे काम सुट्या अव्ययांवर येऊन पडले. त्याच सुमारास फ्रेंचमधून आणि लॅटिनमधून शब्दांचा लोंढा आला, तोही आपापल्या सवयी घेऊन. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ ही लॅटिनमधली तुलनेचीच रूपे. म्हणून त्यांच्यापुढे इंग्रजीतला नेहमीचा ‘दॅन’ येत नाही, ‘टू’ येतो. एका ‘एफ’चा ‘ऑफ’ आणि दोन ‘एफ’चा ‘ऑफ’ हे मूळचे एकच, अर्थ ‘पासून दूर’. ‘रॉब’, ‘डिप्राइव्ह’, ‘क्युअर’ यांच्यामागे एका ‘एफ’चा ‘ऑफ’ आजही तोच जुना अर्थ सांभाळून आहे: एखाद्याला पैशापासून, हक्कापासून, रोगापासून वेगळे करणे. ‘विथ’चा जुना अर्थ तर ‘विरुद्ध’ असा होता. ‘विथस्टँड’मध्ये तो टिकून आहे, आणि ‘फाइट विथ’ म्हणजे पुष्कळदा सोबत नव्हे, समोरासमोर लढणे असते. या खुणा सुंदर आहेत. पण इतिहास झालेल्या गोष्टीचा उलगडा करतो. नवा शब्द समोर आला तर त्याचे अव्यय कोणते, हे आधी सांगत नाही.

इंग्रजीच तेवढी लहरी, असे म्हणण्याआधी मराठीकडे पाहावे. आपण एकाच माणसाशी बोलतो, त्याला सांगतो, त्याच्यावर रागावतो, त्याची वाट पाहतो. मराठी शिकणाऱ्या परक्याला यातला एकही प्रत्यय केवळ अर्थावरून सुचणार नाही. संस्कृतात भीतीचे कारण पंचमीत जाते आणि ज्याच्यावर रागवायचे तो चतुर्थीत. मराठी मात्र वाघाला भिते आणि मुलावर रागावते. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ‘उपपद विभक्ती’ हे प्रकरण आठवत असेल. ‘नमः’बरोबर चतुर्थी, ‘सह’बरोबर तृतीया, ‘रुच्’ धातूला चतुर्थी असे तिथे शब्दासकट शिकवले जाते. विद्यार्थी कुरकुरत का होईना पाठ करतो आणि पुढे फारसा चुकत नाही. तीच समज आपण इंग्रजीला दाखवत नाही, हे मला फार खटकते. 2000 सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी शब्दार्थाच्या वहीत अजून दोनच रकाने असतात: शब्द आणि अर्थ. ‘अफ्रेड’ म्हणजे घाबरलेला, एवढे लिहून अर्धाच शब्द शिकवला जातो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. इंग्रजी आता भारताचीही भाषा आहे. ‘डिस्कस अबाउट’ सर्वांना कळते, मग लंडनचा हट्ट कशासाठी? शिवाय इंग्रजांचे आणि अमेरिकनांचे तरी कुठे एक आहे? ‘डिफरंट’ला ब्रिटनमध्ये ‘फ्रॉम’प्रमाणे ‘टू’ही लागते, अमेरिकेत ‘दॅन’ चालते. हे सगळे खरे आहे आणि बोलताना कोणी चुकले म्हणून त्याला हसणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. पण काही ठिकाणी अव्यय बदलले की मजकूरच बदलतो. चेंडू मित्राकडे ‘टू’ने टाकला तर तो झेलावा म्हणून; ‘ॲट’ने टाकला तर तो लागावा म्हणून. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक फॉर’ शोधणे आणि ‘लुक इन्टू’ चौकशी करणे. मॅनेजरला ‘आन्सर टू’ करणे म्हणजे त्याच्या हाताखाली असणे. चुकीसाठी ‘आन्सर फॉर’ करणे म्हणजे ती अंगावर घेणे. करारात, तक्रारीत किंवा औषधाच्या सूचनेत हा फरक किरकोळ राहत नाही. शिवाय नोकरीचा अर्ज वाचणारा माणूस प्रमाण इंग्रजीच्या मापानेच मोजतो. ते माप न्याय्य आहे की नाही हा वाद जरूर घालावा, पण मुलांना ते न शिकवता नव्हे.

दुसरा आक्षेप घोकंपट्टीचा. अव्ययांत काही सूत्र नाहीच का? थोडेफार आहे. भिस्त ठेवणारी क्रियापदे, ‘रिलाय’, ‘काउंट’, ‘बँक’, बहुधा ‘ऑन’कडे जातात, अडवणारी ‘प्रिव्हेंट’, ‘स्टॉप’, ‘डिस्करेज’ ही ‘फ्रॉम’कडे. असे गट करून शिकवावेत, लक्षात राहायला ते मदत करतात. मात्र गटाला नियम समजू नये. ‘ट्रस्ट’ही भिस्तीचेच क्रियापद, पण माणसावर विश्वास टाकताना त्याला सहसा काहीच लागत नाही.

शब्द त्याच्या अव्ययासकट शिकवण्याची गरज ए. एस. हॉर्नबी यांनी फार पूर्वी ओळखली. जपानमध्ये इंग्रजी शिकवताना त्यांनी सहकाऱ्यांसह जो कोश रचला, तो 1942 साली टोकियोत छापला गेला आणि पुढे ऑक्सफर्डचा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून जगभर गेला. क्रियापद वाक्यात कसे बसते हे परभाषिकाला दाखवणे, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. असा कोश आज मोबाइलवरही मिळतो आणि त्यात शब्दाबरोबर त्याचे अव्यय उदाहरणासकट दिलेले असते. शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती की येत्या जूनपासून मुलांच्या शब्दार्थाच्या वहीत तिसरा रकाना आखून द्यावा. त्यात शब्दाचे अव्यय आणि एक छोटे वाक्य लिहून घ्यावे. जिथे अव्यय लागत नाही, तिथे तसे स्पष्ट लिहायला सांगावे.