मुंबई बेट (इंग्लिश राजसत्तेचा सागरपार प्रदेश)

हा लेख सतराव्या शतकातील मुंबई बेटाविषयी आहे. आजच्या शहरासाठी 'मुंबई' हा लेख पाहावा.

मुंबई बेट हा अरबी समुद्रातील, कोकण किनाऱ्यालगतचा इंग्लंडच्या राजाचा सागरपार प्रदेश होता. 1661 च्या विवाहतहाने तो पोर्तुगालकडून इंग्लंडकडे आला, प्रत्यक्ष ताबा 1665 मध्ये मिळाला आणि 1668 मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने तो ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. सागरपार प्रदेश म्हटले की आज पॅसिफिक महासागरातील पिटकेर्न किंवा ग्वाम यांसारखी बेटे डोळ्यांसमोर येतात. तेथील सार्वभौम सत्ता दूर असते. मुंबईची पहिली काही दशके याच प्रकारात मोडतात. 1898 मध्ये ग्वाम बेट स्पेनकडून अमेरिकेकडे गेले, तेव्हा तेथील रहिवाशांचे मत कोणी विचारले नव्हते. मुंबईतही तसेच घडले, आणि त्यातून जमीन कोणाची हा प्रश्न उभा राहिला.

भूगोल

मुंबई म्हणजे सात बेटे असे सर्वत्र सांगितले जाते. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, वरळी, परळ आणि माहीम ही ती नावे होत. मात्र ही गणना सोयीची आहे, काटेकोर नव्हे. भरतीच्या वेळी जी बेटे वेगळी दिसत, त्यांतील कित्येक ओहोटीला चिखलाने आणि खाजणाने एकमेकांना जोडली जात. वरळी व महालक्ष्मी यांच्यामधील खिंडारातून समुद्र थेट आत शिरे आणि मधला सखल भाग पाण्याखाली जाई. पायधुणी हे नाव या पाण्यातून येणाऱ्यांनी पाय धुण्याच्या जागेवरून पडले, असे परंपरा सांगते.

बेटांच्या पश्चिमेस मलबार टेकडी ते वरळी अशी खडकांची रांग आहे, तर पूर्वेस शिवडीपासून शिवेपर्यंत लहान टेकड्या विखुरलेल्या आहेत. अँटॉप हिल ही त्यांपैकीच एक होय. परळच्या बेटात माटुंगा, वडाळा, शिवडी आणि शीव हा सारा टापू धरला जाई. अँटॉप हिलच्या पूर्वेस खाडीपर्यंत खाजण आणि मिठागरे पसरलेली होती, तर उत्तरेस शिवेची खाडी आणि तिच्यापलीकडे साष्टी बेट होते. पावसाळ्यात येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. समुद्राचे खारे पाणी, साचलेले पावसाचे पाणी आणि डास यांमुळे युरोपीय शिपाई झपाट्याने मरत. तत्कालीन इंग्रज मात्र माडांना खत म्हणून घातल्या जाणाऱ्या मासळीच्या कुजट वासाला दोष देत.

हस्तांतर आणि सीमेचा वाद

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने 23 डिसेंबर 1534 रोजी वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला होता. पोर्तुगीज काळात मुंबईचे मुख्य बेट काही वर्षे गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे खंडाने होते. त्याचा हिंदी औषधी वनस्पतींवरील ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला.

23 जून 1661 च्या तहानुसार पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्या विवाहात मुंबईचे बंदर व बेट दुसऱ्या चार्ल्सला देण्याचे ठरले. 'मुंबई आंदण दिली' हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. पण नेमके काय दिले, हे तहात स्पष्ट नव्हते. इंग्लंडचा मुख्य मंत्री लॉर्ड क्लॅरेंडन याने तर आपल्या लेखनात मुंबई ब्राझीलच्या जवळ असल्याचे म्हटले आहे. साष्टीही तहात येते असे इंग्रज म्हणत, पोर्तुगीज ते साफ नाकारीत.

ताबा घेण्यासाठी सर अब्राहम शिपमन सुमारे 400 शिपायांसह सप्टेंबर 1662 मध्ये येथे पोहोचला, पण पोर्तुगीजांनी बेट दिले नाही. ही तुकडी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिली. तेथे रोगराईने बहुतेक शिपाई मेले, आणि एप्रिल 1664 मध्ये शिपमनही मरण पावला. शेवटी त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने उरल्यासुरल्या शंभरेक माणसांनिशी 18 फेब्रुवारी 1665 रोजी बेटाचा ताबा घेतला. पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो द मेलु ई कास्त्रु याने इंग्रज मुंबईत स्थिरावले तर हिंदुस्थान आपल्या हातून जाईल, अशा आशयाचे पत्र आपल्या राजाला लिहिले होते.

ताबा देताना व्हाइसरॉयने कुककडून कडक अटी मान्य करून घेतल्या. पोर्तुगीज मुलखातील कुणबी, भंडारी आदी लोक मुंबईत पळून आल्यास त्यांना थारा देऊ नये, ही त्यांतील एक होती. जमीन कसणारा माणूस जमीनदाराशी किती घट्ट बांधलेला होता, हे या एका अटीवरून कळते. कुकने अटी मान्य केल्या, पण सीमा मात्र पुढे सरकवली. माहीम, शीव, धारावी आणि वडाळा ही ठिकाणे मुंबईचाच भाग आहेत असे म्हणून त्याने ती ताब्यात घेतली. ओहोटीला जेथे पायी जाता येते, ते वेगळे बेट कसे, हा युक्तिवाद इंग्रजांच्या सोयीचा होता. आजचा अँटॉप हिलचा परिसर अशा रीतीने तहातून नव्हे, तर वादातून इंग्रजांकडे आला. कुलाबा त्यानंतर, 1675 च्या सुमारास मिळाला.

शासनव्यवस्था

राजाचा थेट अंमल अल्पजीवी ठरला. खर्च जास्त आणि उत्पन्न कमी, हे त्याचे कारण होते. 27 मार्च 1668 च्या सनदेने चार्ल्सने हे बेट वार्षिक दहा पौंड सोन्याच्या नाण्यांत, या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. सनदेत हा प्रदेश केंट परगण्यातील ईस्ट ग्रीनिच येथील जहागिरीप्रमाणे धारण करावा असे लिहिले होते. कायद्याच्या भाषेत माहीम-शीव हा मुलूख लंडनजवळच्या एका गावाचा भाग झाला! बेटावर जन्मलेल्यांना इंग्लंडमध्ये जन्मलेल्या प्रजाजनांप्रमाणे मानावे, अशीही तरतूद तीत होती. कागदावर ती उदार असली, तरी व्यवहारात तिचा लाभ किती जणांना झाला हे सांगायला नको.

गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर (कारकीर्द 1669–1677) याने या बेटाला शासनाचा आकार दिला. ऑगस्ट 1672 मध्ये पोर्तुगीज कायद्याऐवजी इंग्रजी कायदा लागू करून त्याने न्यायालय उघडले. निरनिराळ्या जमातींच्या पंचायतींना आपापसातील तंटे सोडवण्याची मुभा दिली. नाणी पाडण्यास सुरुवात झाली. परंतु त्याचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे 1672 चा जमिनीविषयीचा करार होय.

पोर्तुगीज काळातील जमीनदारांचे हक्क कंपनीला मान्य आहेत की नाहीत, याबद्दल सत्तांतरापासून अनिश्चितता होती. काही जमिनी सरकारने जप्त केल्या होत्या, काहींवर एकाहून अधिक दावे होते. वर्षाला 20,000 झेराफिन (पोर्तुगीज चलन) एकत्रितपणे द्यावेत आणि त्याच्या बदल्यात कंपनीने त्यांचे हक्क कायम करावेत, असा समझोता ऑन्जियरने जमीनदारांशी केला. बेटाच्या रक्षणासाठी माणसे पुरवण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आली. 'पेन्शन अँड टॅक्स' या नावाचा जो धारा मुंबईत एकोणिसाव्या शतकापर्यंत ओळखला जाई, त्याचे मूळ या करारात आहे. प्रत्यक्ष जमीन कसणारे कुणबी आणि किनाऱ्यावरचे कोळी या करारात पक्षकार नव्हते, ही गोष्ट बहुतेक वर्णनांत निसटते.

राजा आणि कंपनी यांच्यातील संदिग्धता 1683 मध्ये उफाळून आली. कंपनीने पगारात कपात केल्याने चिडलेल्या शिबंदीने कॅप्टन रिचर्ड केग्विन याच्या नेतृत्वाखाली डिसेंबरमध्ये बेट ताब्यात घेतले आणि आपण राजाच्या नावाने कारभार करीत आहोत असे जाहीर केले. केग्विनने छत्रपती संभाजी महाराजांशी तहही केला. नोव्हेंबर 1684 मध्ये अभयदान मिळाल्यावर त्याने बेट परत केले. 1687 मध्ये कंपनीचे मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस आले.

अर्थव्यवस्था

बेटाचे स्वतःचे उत्पन्न माड, भात, मासळी आणि मीठ एवढेच होते. माडाची ताडी काढणे हा भंडारी समाजाचा व्यवसाय होता, आणि ताडी-अर्क व तंबाखू यांच्या मक्त्यातून सरकारला महसूल मिळे. जकात व जमीनधारा ही उत्पन्नाची अन्य साधने होती. धान्य आणि सरपण मात्र मुख्य भूमीवरून आणावे लागे. ते आणणाऱ्या होड्यांवर पोर्तुगीज ठाण्याच्या खाडीत जकात घेत, आणि पलीकडचा कोकण मराठ्यांच्या राज्यात होता. म्हणून शेजाऱ्यांशी सलोखा ही मुंबईची पोटापाण्याची गरज होती. 1674 मध्ये हेन्री ऑक्झिंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास रायगडावर गेला, तो मुंबईहूनच.

मिठागरांचा उल्लेख येथे सविस्तर करणे योग्य ठरेल, कारण वडाळा, शीव व माटुंग्याच्या पूर्व बाजूचे अर्थकारण त्यांवर उभे होते. खाजणाला बांध घालून मोठ्या भरतीचे पाणी आत घेतले जाते. तेथून ते एकामागून एक उथळ वाफ्यांत सोडतात. ऊन व वारा यांनी पाणी आटत जाऊन शेवटच्या वाफ्यात मीठ धरते, ते फावड्याने ओढून ढीग लावतात. हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर संपतो. ढीग वेळेवर झाकले नाहीत, तर पहिल्या सरीत वर्षाची मेहनत वाहून जाते. बांध फुटला तर पिकाऊ जमीनही खारी होते, त्यामुळे बांधांची दुरुस्ती हा सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय असे. खाजण लागवडीखाली आणणाऱ्यास हलक्या धाऱ्याने जमीन दिली जाई. त्या धाऱ्याला फोरास म्हणत, आणि फोरास रोड या नावात तो शब्द टिकून आहे.

लोकसंख्या व संरक्षण

इंग्रजांकडे आले तेव्हा बेटावर सुमारे 10,000 लोक होते असे मानले जाते. 1673 मध्ये आलेल्या डॉ. जॉन फ्रायरने हा आकडा 60,000 दिला आहे. व्यापारी व कारागीर यांना धर्मस्वातंत्र्याची हमी देऊन बोलावले गेले, त्याचा हा परिणाम होता.

शिवेचा किल्ला ऑन्जियरच्या काळात बांधला गेला. परळच्या इंग्रजी बेटाची आणि पोर्तुगीज साष्टीची सीमा तेथे होती. तरीही 1689 मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला, माझगाव व माहीम त्याच्या हाती गेले आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. औरंगजेबाची माफी मिळवल्यावरच, जून 1690 मध्ये, सिद्दी बेटावरून हलला. साष्टी पुढे मराठ्यांनी जिंकली. 1782 च्या सालबाईच्या तहाने ती इंग्रजांकडे राहिल्यावर शिवेच्या खाडीची सरहद्द मिटली, आणि 1803 मध्ये गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या काळात त्या खाडीवर शीव व कुर्ला यांना जोडणारा बांधरस्ता झाला.