पहाटेचं पाणी दुपारीच तापवा

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडला थंडीची लाट आली की पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी ३० अंशांकडे सरकतो. वसतिगृहातली मुलं आंघोळीला रांग लावतात ती नेमकी पहाटे, आणि पाणी तापवायला सुरुवातही तेव्हाच होते. हीट पंपासाठी याहून वाईट वेळ नाही.

हा पंप उष्णता तयार करत नाही, हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतो. फ्रीजच्या मागची जाळी हाताला गरम लागते, कारण आतल्या भाज्यांमधली उष्णता तिथून बाहेर पडत असते. इथे भाज्यांच्या जागी बाहेरची हवा आणि जाळीच्या जागी पाण्याची टाकी. अशा पंपांत वापरलं जाणारं आर-१३४ए हे शीतक नेहमीच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतं, म्हणून १० अंशांची गार हवासुद्धा त्याची वाफ करते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तापवतो; वीज खर्च होते ती मुख्यतः यासाठी. हे तंत्र नवं नाही. शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी ही कल्पना १८५२ मध्ये मांडली होती. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचं नगरभवन १९३८ पासून लिम्मात नदीतली उष्णता घेऊन गरम होऊ लागलं.

हजार लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला सुमारे ३५ युनिट लागतात. कॉइलचा बॉयलर तेवढी सगळी वीज घेतो. हीट पंपाचं तेच काम साधारण १० ते १४ युनिटांत भागतं. दुपारच्या हवेत १०, पहाटेच्या हवेत १४. हवा आणि पाणी यांच्या तापमानातलं अंतर जितकं जास्त, तितके पंपाला कष्ट जास्त. म्हणून पाणी दुपारी तापवावं आणि पफचं (पॉलियुरेथेन फोमचं) जाड आवरण असलेल्या टाकीत रात्रभर साठवावं. महावितरणच्या स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलतही आहे.

मग बॉयलर काढून टाकायचा का? नाही. टाकीतलं पाणी संपलं तर तो पटकन मदतीला येतो. शिवाय लिजिओनेला नावाचा जिवाणू २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात वाढतो आणि ६० अंशांवर मरतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा पूर्ण टाकी तिथवर न्यावी लागते. पंपासाठी ही चढण महाग असते, तेवढी बॉयलरने चढावी.

घोळ होतो तो दोघांना स्वतंत्र थर्मोस्टॅट दिल्यावर. बॉयलर ६० वर लावलेला, पंप ५० वर. पाणी जरा निवलं की बॉयलर आधी पेटतो, टाकी पुन्हा ६० वर जाते आणि पंपाची पाळीच येत नाही. लाखभर रुपयांचं यंत्र गच्चीवर नुसतं उभं राहतं, बिल मात्र आधीइतकंच. म्हणून दोघांची सूत्रं एकाच स्मार्ट थर्मोस्टॅटकडे हवीत. युरोपात असा थर्मोस्टॅट बाहेरच्या थंडीकडे बघतो आणि पारा ठरावीक अंशाखाली गेला की काम गॅस बॉयलरकडे देतो. मुखेडला त्याने आधी घड्याळ बघावं: दुपारी पंप, पहाटे कमी पडलं तरच बॉयलर, तोही टाकीच्या वरच्या भागातली कॉइल लावून. गरम पाणी वर आणि गार पाणी खाली राहतं, त्यामुळे एका सेन्सरवर भागत नाही. वरचा सेन्सर आंघोळीपुरतं पाणी आहे का ते सांगतो, खालचा सांगतो की टाकीत अजून किती तापवायचं आहे.

आपल्याकडे पाणी कढत करून त्यात विसण घालायची सवय आहे. बॉयलरला त्याने फारसा फरक पडत नाही, पण पंपाला प्रत्येक वाढीव अंश आधीच्या अंशापेक्षा महाग पडतो. रोजच्या वापराला ५० अंश पुष्कळ झाले.

राहिला बोअरच्या जड पाण्याचा प्रश्न. त्यातले क्षार बॉयलरच्या कॉइलवर पांढरे थर धरतात, पंपाच्या उष्णता देणाऱ्या नळ्यांवरही धरतात. तीच टाकी, तीच दुपार, पण पाणी तापायला पूर्वीपेक्षा पाऊण तास जास्त लागतोय, हे थर्मोस्टॅटच्या नोंदीत दिसलं की नळ्या साफ करणाऱ्याला बोलवावं.